म्यूट केलेला ग्रुप

2022 ची रंगपंचमी. कोरोनामुळे दोन वर्षं इंदूरची गेर निघाली नव्हती. त्यामुळे त्या दिवशी राजवाड्यावर अख्खं शहर लोटलं होतं. ऑफिसातल्या चार मित्रांबरोबर मीही सकाळीच जाऊन उभा राहिलो. टँकरवरून उडणारे रंगाचे फवारे, आकाशात उंच जाणारा गुलाल आणि चारी बाजूंनी गर्दीचे धक्के. घरी येऊन अंघोळ केली, तीनदा साबण लावला. सगळा रंग गेला, पण दंडावरचा आणि मांडीवरचा निळा-जांभळा काही जाईना. बायको म्हणाली, "हा रंग नाहीये, मार आहे." मी म्हटलं, "गर्दीत लागलं असेल कुठेतरी."

दोन दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. थांबायला अर्धा तास लागला. चौथ्या दिवशी पायांवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. आमच्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि काही न बोलता रक्ततपासणी लिहून दिली. संध्याकाळी लॅबमधून फोन आला, "भिया, रिपोर्ट लेने मत आओ, सीधे अस्पताल जाओ." प्लेटलेट्स अकरा हजार. निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाख असतात.

त्या रात्री कंबरेच्या हाडातून सुईने मज्जा काढली. दुसऱ्या दिवशी आजाराचं नाव कळलं, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. डॉक्टर थोडक्यात 'एपीएल' म्हणत होते. मी चौतीस वर्षांचा होतो, घरी चार वर्षांची लेक होती, आणि आदल्या आठवड्यापर्यंत माझी सगळ्यात मोठी काळजी एका प्रोजेक्टची डेडलाइन होती.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी आजारपणाबद्दल लिही, असं संपादकांनी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा मी टाळलं, कारण आजाराचं लिहायला फार काही नव्हतं. बरं झालो, एवढंच. पण ज्यांच्यामुळे निभावलं त्यांचं लिहायचं राहून गेलंय, हे मनातून जात नव्हतं. म्हणून हा लेख.

आजार आणि औषध

आधी या आजाराबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आपल्या पेशींतल्या पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्राचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटतात. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडच्या दोन ओळी कट करून चुकीच्या ठिकाणी पेस्ट झाल्या. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी अर्धवट वाढून तिथेच अडकतात आणि मज्जेत त्यांचीच गर्दी होते. त्या रक्त गोठण्याची व्यवस्थाही बिघडवतात. मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. एकेकाळी या ल्युकेमियात रुग्ण काही दिवसांत, काही आठवड्यांत जायचा.

आज हाच ल्युकेमिया सगळ्यात जास्त बरा होणाऱ्यांपैकी एक आहे. 1980 च्या दशकात शांघायच्या वांग झेनयी या डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं 'एट्रा' नावाचं औषध या रोगात वापरलं. ते बिघडलेल्या पेशींना मारत नाही, अडकलेल्या पेशींना मोठं व्हायला लावतं. दुसरं औषध चीनमधल्याच हार्बिनच्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात वापरायला सुरुवात केलेलं, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. माझ्यासारख्या कमी धोक्याच्या रुग्णांना नेहमीच्या केमोथेरपीशिवाय, या दोन औषधांवरही बरं करता येतं, हे 2013 साली इटली आणि जर्मनीच्या डॉक्टरांच्या अभ्यासातून पुढे आलं. मला तेच मिळालं. आईने आर्सेनिक म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, "सोमल." ती दचकलीच. "उंदरांना घालतात तो?" डॉक्टर हसून म्हणाले, "हो काकू, तोच. पण मोजून."

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. औषध काम करेल, पण त्याला वेळ लागेल. तोपर्यंत याला रक्तस्रावापासून वाचवायचं, तर प्लेटलेट्स देत राहावं लागेल. जवळजवळ रोज. "दाते बघून ठेवा."

दाते

इथे माझं सगळं शिक्षण कमी पडलं. मला वाटलं होतं, रक्तपेढीत पैसे भरले की पिशवी मिळते. पण प्लेटलेट्स फक्त पाचेक दिवस टिकतात. त्या वीस ते चोवीस अंश तापमानात सतत हलवत ठेवाव्या लागतात. त्यामुळे साठा करून ठेवणं अवघडच. चांगला मार्ग म्हणजे एकाच दात्याच्या हातातून रक्त यंत्रात घ्यायचं, प्लेटलेट्स वेगळ्या करायच्या आणि बाकीचं रक्त त्याला परत द्यायचं. दात्याला तास-दीड तास पडून राहावं लागतं. वजन, हिमोग्लोबिन, त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट्स, हाताच्या शिरा, सगळं नीट हवं. तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतलेली नको. चार माणसं गेली तर त्यांतली दोन परत येतात.

माझा गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे दुर्मीळ नाही. पहिल्या दिवशी ऑफिसचे दोन मित्र आले. दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बायको फोन हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी होती आणि तिच्याकडे विचारायला नाव उरलं नव्हतं.

तेव्हा आईने तिचा फोन काढला आणि कॉलनीतल्या दत्तमंदिराच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या.

हा ग्रुप माझ्याही फोनमध्ये होता. सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार, संध्याकाळी आरतीची वेळ, गुरुवारी प्रसाद कोणाकडे, एवढंच त्यात असायचं. मी तो म्यूट केला होता. खरं सांगायचं तर कंटाळ्यापेक्षा त्यात रागच जास्त होता.

माझे बाबा त्या मंदिरात चाळीस वर्षं संध्याकाळच्या आरतीला झांज वाजवत आले. आरतीनंतर सगळे मिळून करुणात्रिपदी म्हणायचे. टेंबे स्वामींची ही तीन पदं नानामहाराज तराणेकरांमुळे आपल्या माळव्यात घरोघरी पोहोचली, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. पावसात, तापात, परीक्षेच्या दिवसांत, बाबांची त्रिपदी चुकली नाही. आणि एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने ते गेले तेव्हा आम्ही त्यांना शेवटचं पाहिलं ते प्लास्टिकच्या पिशवीत. खांदा द्यायला पीपीई किट घातलेली अनोळखी माणसं. दारात कोणी आलं नाही, येऊ शकतही नव्हतं. हे कळत असूनही त्यानंतर मी मंदिरात पाऊल टाकलं नव्हतं. चाळीस वर्षं करुणा भाकून माणसाच्या वाट्याला हे येणार असेल, तर भाकायची कशाला, असं मला वाटायचं. आई जायची. मी तिला गाडीने सोडायचो आणि बाहेर थांबायचो.

आईचा निरोप ग्रुपवर गेला दोन वाजता. चाळीस मिनिटांत रक्तपेढीत तीन माणसं उभी होती. संध्याकाळपर्यंत मंदिराचा हिशोब ठेवणारे अण्णा आले. बँकेतून निवृत्त झालेले, वय बहात्तर. त्यांच्या हातात जुनी लाल वही होती. गणेशोत्सवाच्या वर्गणीची. तिची मागची पानं कोरी होती, त्यावर त्यांनी रकाने आखले होते. नाव, रक्तगट, वजन, कोणत्या वेळी मोकळा, शेवटचं कधी दिलं, गाडी आहे की आणायला जायचं. मी आयुष्यभर डेटाबेसवर काम केलंय, पण इतका नेमका तक्ता क्वचित पाहिलाय.

मला भेटायची परवानगी नव्हती. काचेपलीकडून त्यांनी हात केला. फोनवर मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?" ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या बाबांच्या वेळी येता आलं नाही रे. आता तरी येऊ दे."

एक वर्ष मी जो राग धरून बसलो होतो, तो मला वाटत होतं माझ्या एकट्याचा आहे. त्या एका वाक्याने कळलं की न येता आल्याचं ओझं पलीकडची माणसंही वागवत होती.

डबा, अंगारा आणि पाचशे रुपये

त्यानंतरचे पाच आठवडे मी एका खोलीत होतो. बाहेर काय चाललं होतं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

पांढऱ्या पेशी कमी असल्याने कच्चं काही खायचं नव्हतं. फळं, कोशिंबीर, बाहेरचं काहीही बंद. गुरुवारी मंदिरातून केळी आणि पेढे आले, ते नर्सने दारातूनच परत पाठवले. दुसऱ्या कुठे यावर मानापमान झाला असता. इथे संध्याकाळी ग्रुपवर एका काकूंचा मेसेज आला, "प्रसाद म्हणून प्रेशर कुकरमधली मुगाची खिचडी चालेल, नर्सबाईंना विचारलंय. वार वाटून घेऊ." सात घरांनी सात वार घेतले. डबा उकळत्या पाण्याने धुऊन, कुकरमधून थेट भरून यायचा. एट्राच्या गोळ्या पोटभर खाऊन घ्यायच्या असतात आणि मला अन्नाचा वास सहन होत नव्हता. तरी कोणाच्या खिचडीत तूप किती आणि कोणाचं जिरं जळतं, हे मी आठवड्याभरात ओळखायला लागलो. त्या दिवसांतली तेवढीच गंमत.

अंगाराही आला. आईने तो माझ्या कपाळाला लावायचा हट्ट धरला नाही. नर्सला विचारून प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत बंद केला आणि खोलीबाहेरच्या खिडकीशी ठेवला. पपईच्या पानांचा रस, गुळवेल, एका वैद्यबुवांचा काढा, असेही सल्ले आले. आई सगळ्यांना एकच सांगायची, "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही नाही." श्रद्धाळू माणूस औषधाच्या आड येतो, असं मला आधी वाटायचं. निदान माझ्या आईच्या बाबतीत ते खोटं निघालं.

एक गोष्ट मात्र मला झेपली नाही. पापड-कुरडया करून विकणाऱ्या आमच्या गल्लीतल्या एक आजी आईला हॉस्पिटलच्या दारात भेटल्या आणि पाचशे रुपये हातात कोंबून गेल्या. मला कंपनीचा विमा होता. मी चिडलो. म्हटलं, "आई, परत कर. त्यांना त्याची जास्त गरज आहे." आई म्हणाली, "गरज त्यांना द्यायची होती. घ्यायलासुद्धा शिकावं लागतं." ते पैसे तिने घेतले. त्या आजींच्या पुढच्या कुरडया आमच्या घरी दुप्पट आल्या, ते वेगळं.

ती रात्र

बाराव्या दिवशी मला श्वास लागायला सुरुवात झाली. चार दिवसांत वजन पाच किलो वाढलं होतं, ते सगळं अंगात साठलेलं पाणी. औषधामुळे अडकलेल्या पेशी एकदम वाढायला लागल्या की असं होऊ शकतं. हे जीवघेणंही ठरतं, पण वेळीच ओळखलं तर स्टेरॉइडने आटोक्यात येतं. एट्रा आणि आर्सेनिक थांबवलं. स्टेरॉइड सुरू केलं, ऑक्सिजन लावला. त्याच दिवशी प्लेटलेट्स पुन्हा चौदा हजारांवर आल्या.

रात्री नऊला अण्णांच्या वहीतले दोन दाते गेले. एकाने डोकेदुखीसाठी आदल्या दिवशी अॅस्पिरिन घेतली होती. दुसऱ्याचं हिमोग्लोबिन कमी निघालं. तिसरा दाता एका लग्नात होता. तो शेरवानीतच रक्तपेढीत आला, साडेअकरा वाजता. यंत्रावर दीड तास पडून राहिला आणि मग परत लग्नाला गेला. मी त्याला आजही ओळखत नव्हतो तर बरं, असं वाटतं कधीकधी, कारण तो भेटला की मला शब्द सुचत नाहीत. कॉलेजात शिकणारा, मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या भैयांचा मुलगा.

त्याच संध्याकाळी सात वाजता बायकोने विचारलं होतं, "मंदिरात आता त्रिपदी सुरू होईल. फोन लावू?" मला नाही म्हणायलाही ताकद नव्हती. तिने फोन स्पीकरवर उशीजवळ ठेवला. वीस-पंचवीस माणसांचे आवाज, थोडे पुढेमागे, एक काकू नेहमीसारख्या एक सूर वर. आणि झांज. बाबांची झांज आता दुसरं कोणीतरी वाजवत होतं, पण ठेका तोच होता.

मला काही दिसलं नाही, प्रकाश वगैरे काही नाही. श्वास सुधारला तो स्टेरॉइडने, आणि सुधारायला तीन दिवस लागले. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण चमत्कार झाला असं लिहिणं माझ्या डॉक्टरांवर आणि त्या शेरवानीतल्या मुलावर अन्याय होईल. पण त्या वेळी ऑक्सिजनच्या मास्कमधून प्रत्येक श्वास मोजताना माझ्या लक्षात आलं की या आवाजांतले निम्मे मी ओळखतो. हे सोमवारच्या खिचडीचे. हे वहीवाले. हे काल रक्त देऊन गेलेले. भीती गेली नाही. पण तोवर मी एकटा घाबरत होतो, त्यानंतर एकटा नव्हतो. इतकं मी खात्रीने सांगू शकतो.

मग विचार आला की ही माणसं चाळीस मिनिटांत कशी गोळा झाली? एखादी यंत्रणा उभी करायला आमच्या कंपनीत महिने लागतात. इथे ती तयारच होती. रोज संध्याकाळी सात वाजता, काही मागायचं असो वा नसो, ही माणसं एका जागी येत होती. कोण आलं, कोण नाही आलं, का नाही आलं, हे रोज बघत होती. चाळीस वर्षं बाबा तिथे जात होते ते फक्त काही मागायला नव्हे. येण्याची सवय तिथे रोज घटवली जात होती. मी ती म्यूट करून ठेवली होती.

बाकावरचा बाप

आता जे लिहिणार आहे ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

माझ्या खोलीपासून दोन खोल्या सोडून खरगोन जिल्ह्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याला दुसऱ्या प्रकारचा ल्युकेमिया होता. त्याचे वडील मिरचीची शेती करायचे. आई आणि ते कॉरिडॉरमधल्या एकाच बाकावर बसायचे. त्यांना या शहरात कोणी ओळखीचं नव्हतं. गावाहून दोन भाऊ येऊन रक्त देऊन गेले आणि मग कोणी उरलं नाही. आईने अण्णांना सांगितलं. अण्णांनी वहीत नवं पान उघडलं, ओ पॉझिटिव्हचं. त्या मुलाला आमच्या ग्रुपमधून सहा वेळा प्लेटलेट्स मिळाल्या. बुधवारच्या डब्यात दोन माणसांची जास्त खिचडी यायला लागली.

माझ्या चौथ्या आठवड्यात एका पहाटे तो मुलगा गेला.

त्याच आठवड्यात माझ्या प्लेटलेट्स आपल्या आपण वाढायला लागल्या होत्या. लोक फोन करून आईला म्हणत होते, "देवाने वाचवलं हो." आणि मला ते ऐकवत नव्हतं. मला वाचवलं, मग त्याला का नाही? प्रार्थना त्याच्यासाठीही झाली होती, त्याच माणसांनी केली होती. त्याच्या बापाची श्रद्धा माझ्यापेक्षा कमी होती का? माझी तर नव्हतीच.

अण्णांना मी फोनवर हे विचारलं. मला वाटलं, ते प्रारब्ध वगैरे काही सांगतील. ते म्हणाले, "ते मला ठाऊक नाही, बाळ. मला एवढंच ठाऊक आहे की त्याच्या बापाला मुलाला घेऊन गावी जायला गाडी लागेल. ती बघतोय." आणि त्यांनी फोन ठेवला. गाडी मिळाली. मंदिरातले दोघं जण खरगोनपर्यंत सोबत गेले.

त्यानंतर मी तो प्रश्न कोणाला विचारला नाही. उत्तर मिळालं म्हणून नाही. उत्तर नसतानाही काय करायचं असतं, ते पाहिलं म्हणून. श्रद्धा म्हणजे सगळ्याचं स्पष्टीकरण हवं, असं मी धरून चाललो होतो. अण्णांची श्रद्धा तशी नाही. तीत 'का' कमी आहे आणि 'आता काय लागेल' जास्त आहे. अशी श्रद्धा मला जमेल, असं पहिल्यांदा वाटलं.

उलटं स्वस्तिक

एप्रिलअखेर मी घरी आलो. मज्जेत रोगाच्या पेशी दिसत नव्हत्या. पण उपचार संपले नव्हते. पुढचे सात-आठ महिने चार आठवडे आर्सेनिक, चार आठवडे सुट्टी, असे चार फेरे होते. आठवड्यातले पाच दिवस रोज सलाईन, अधूनमधून ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासणं. बायकोला नोकरी होती. मग पुन्हा वही निघाली. सकाळी कोण सोडणार, दुपारी कोण आणणार. निवृत्त काकांची एक फळीच तयार झाली. गाडीत ते मला होळकरांच्या काळच्या गोष्टी सांगत, मिल्सच्या झांक्यांच्या आठवणी सांगत. आजाराबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं.

डिसेंबरात, दत्तजयंतीच्या आधी, शेवटची तपासणी चांगली आली. आईने खजराण्याच्या गणपतीला मार्चमध्येच उलटं स्वस्तिक काढलं होतं. इच्छा पूर्ण झाली की तिथे जाऊन सुलटं काढायचं, ही इंदूरची रीत. मी तिला घेऊन गेलो, या वेळी बाहेर थांबलो नाही. तिने सुलटं स्वस्तिक काढलं. मग त्याच्या शेजारी पुन्हा एक उलटं काढलं. मी विचारलं, "हे कोणासाठी?" ती म्हणाली, "त्या बाकावर आज जे कोणी बसले असतील त्यांच्यासाठी."

दत्तजयंतीला मी अण्णांकडून वही मागून घेतली. एकवीस जणांनी मला प्लेटलेट्स, रक्त किंवा प्लाझ्मा दिला होता. त्यांतल्या नऊ जणांना मी कधी पाहिलंही नव्हतं. पेढे घेऊन एकेकाच्या घरी गेलो. कोणी मराठी, कोणी सिंधी, कोणी माळवी बोलणारे. दोघं मंदिरात कधीच न येणारे, फक्त कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेले. एका ताईंनी दार उघडलं, मी कोण ते ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, तुम्हीच का ते! माझं वजन एक किलो कमी भरत होतं, दोन दिवस भाकरीवर लोणी खाऊन मग दिलं." दोघंही हसलो आणि मग दोघांनाही बोलता येईना.

परतफेड

या ऋणाची सरळ परतफेड मला करता येणार नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे कॅन्सर होऊन गेलेला माणूस पुन्हा कधीच रक्तदान करू शकत नाही. एकवीस जणांकडून घेतलं आणि एकालाही देता येणार नाही, हे स्वीकारायला मला बराच वेळ लागला. पण वही ठेवता येते. अण्णांच्या लाल वहीचं मी आता साधं स्प्रेडशीट केलंय. रकाने त्यांचेच ठेवलेत, एकही बदलला नाही. रात्री-अपरात्री फोन आला की यादी काढून मी फोन लावतो. अण्णांना स्प्रेडशीट आवडत नाही. ते वहीही चालू ठेवतात, आणि खरं सांगायचं तर दोनदा त्यांच्या वहीतलं नाव आधी सापडलं.

वाचकांना मोठं काही सांगायचा माझा अधिकार नाही. थोडं अनुभवाचं सांगतो. आपला रक्तगट आणि वजन कुठेतरी लिहून ठेवा, आणि तब्येत चांगली असेल तर प्लेटलेट्स देता येतात का ते जवळच्या रक्तपेढीत एकदा विचारून या. ओळखीच्यात कोणी आजारी पडलं तर 'काही लागलं तर सांगा' असं म्हणू नका, कारण ते सांगत नाहीत. 'मंगळवारी डबा माझा' असं म्हणा. फोन घरातल्या एकाच माणसाला करा, पाच जणांना नको. खोलीत गर्दी करू नका, बाहेरच्या बाकावर बसा. तिथे बसलेल्याला फार गरज असते. आणि त्या बाकावर दुसरं कोणी एकटं दिसलं, तर एक डबा त्यांच्यासाठीही घेऊन जा.

संध्याकाळी सातला आता मी बहुतेक वेळा मंदिरात असतो. ऑफिसचा कॉल असला की चुकतं, पण ग्रुपवर कळवतो. बाबांची झांज अजून मला नीट जमत नाही, ठेका सुटतो. शेजारचे अण्णा माझ्याकडे न बघता टाळ्या थोड्या जोरात वाजवतात, मग सापडतो.

ग्रुपवर अजून रोज सकाळी फुलांचे फोटो येतात. मी आता सगळे उघडून बघतो.